इंग्रजीतलं अर्धं सोडलेलं वाक्य: या चुका टाळा

लातूर-नांदेडकडं लग्नपत्रिका हातात दिल्यावर कुणी ‘यायचं तर होतं, पण...’ म्हणून थांबला, की तो येणार नाही हे लगेच कळतं. इंग्रजीत मात्र ‘आय’ड लव्ह टू, बट...’ ऐकताना आपण ‘लव्ह’ला धरून बसतो आणि होकार समजतो.

ओळखीच्या शब्दावर अर्थ लावणं ही सगळ्यात मोठी चूक. इथं नकार ‘बट’मध्ये आहे. ‘आय’ड’मधला ‘ड’ म्हणजे ‘वुड’. भराभर बोलताना तो पुढच्या ‘ल’मध्ये जवळजवळ बुडतो. नुसतं ‘आय’ड लव्ह टू’ म्हणजे ‘आवडेल की’, होकारच. पण इथं वाक्य ‘बट’वर तुटलंय, तेव्हा अर्थ होतो, ‘आवडलं असतं’. म्हणून तुटण्याआधीचा शेवटचा शब्द आधी पकडा. ‘बट’वर थांबला तर बहुधा नकार किंवा नाराजी. ‘इट्स गेटिंग लेट, सो...’ म्हणजे आता निघू या.

‘इफ’ जास्त फसवतो. ‘इफ यू कुड जस्ट साइन हिअर...’ ऐकून मुलं ‘तर’ची वाट बघत बसतात. तो येतच नाही. सही करा, एवढंच सांगायचंय. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड...’ यातला ‘वॉज’सुद्धा भूतकाळ नव्हे. आपण ‘जरा काम होतं तुमच्याकडं’ म्हणतो, तशीच ही अदब. फोनवरच्या मुलाखतीत इथं गप्प राहू नका. ‘शुअर, हाऊ कॅन आय हेल्प?’ असं लगेच विचारा.

कधी वाक्याची सुरुवातच गळते. ‘सीन माय कीज?’ याच्या आधी ‘हॅव यू’ आहे, म्हणून उत्तर ‘नो, आय हॅवन्ट’.

छापील संवादात तीन टिंबं म्हणजे बोलणारा आपणहून थांबला. आडवी लांब रेघ बहुतेकदा मधेच तोडल्याची खूण. दोन्ही सारखं वाचलं तर संकोच आणि भांडण यांत फरकच राहत नाही. ऐकताना सूर बघा: ‘इट्स नाइस’ म्हणताना आवाज खाली जाऊन पुन्हा वर चढला, तर न बोललेला ‘पण’ तिथंच आहे.

सरावाला अर्ध्या मिनिटाचा संवाद पुरतो. सबटायटल बंद ठेवा. वाक्य तुटलं की थांबवा आणि शेवटचा शब्द, कोण कुणाशी बोलतंय, राहिलेला भाग, एवढं वहीत लिहा. मग पुढचं उत्तर ऐका. समोरचा ‘ओह, नो वरीज, नेक्स्ट टाइम’ म्हणाला आणि वहीत ‘येणार’ असेल, तर मागं जाऊन तो निसटलेला ‘बट’ पुन्हा ऐका.