गाण्यांच्या फाइलींना मराठी नावं देताना

मिरजेच्या बैठकींच्या किंवा सांगलीतल्या नाट्यगीतांच्या जुन्या कॅसेटी एमपीथ्री करून झाल्या, की किचकट काम उरतं ते नावांचं. फाइलीचं नाव आखूड आणि साधं ठेवा, बाकी सगळं टॅगमध्ये, म्हणजे फाइलीच्या आतच साठणाऱ्या शीर्षक-गायक-अल्बमच्या नोंदीत, भरा.

विंडोजला फाइलीच्या नावात नऊ चिन्हं चालत नाहीत: कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, उभी रेघ, दुहेरी अवतरण, दोन्ही तिरप्या रेघा आणि दोन्ही कोनी कंस. लिनक्सवर पुढची तिरपी रेघ (/) सोडली तर ती बिनतक्रार टाकता येतात आणि मग पेनड्राइव्हवर कॉपी करताना अडतात. मराठीत घोळ होतो तो दोन ठिकाणी. अभंगाच्या ओळीत दंड म्हणून उभी रेघ मारली जाते आणि ‘दुःख’मधल्या विसर्गाऐवजी कोलन टाइप होतो. खरा दंड (।) आणि खरा विसर्ग दोन्ही चालतात. लांब ओळ नावात घालू नका. लिनक्सवर मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे ८५ चिन्हं. ‘क्ष’ एकटाच ९ बाइटचा, कारण तो क, हलन्त आणि ष अशा तीन चिन्हांचा.

आता ‘साताऱ्याचा’ हा शब्द घ्या. यातला ऱ्या तीन तऱ्हांनी साठवला जातो: एकसंध ऱ वापरून, र खाली नुक्ता (टिंब) देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (ZWJ हे चिन्ह) टाकून. डोळ्यांना तिन्ही सारखेच, पण शोधात एक टाइप केला तर दुसरा सापडेलच असं नाही, आणि एका अल्बमचे दोन होतात. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी (NFC) या ठरावीक एकसंध रूपात आणले की जुळतात. तिसरा तसा जुळत नाही. त्याला एमपीथ्रीटॅग (Mp3tag) या टॅग भरायच्या प्रोग्रॅममधल्या ‘रिप्लेस’ने एकसंध ऱ द्यावा लागतो. नुसता जोडक पुसू नका, रफार होऊन ‘सातार्याचा’ उमटतं. ‘ॲ’ आणि अ वर चंद्र, हीही अशीच वेगळी जोडी.

कलाकाराचं नाव एकदाच ठरवा. अब्दुल करीम खाँ, खां आणि खान असे लिहिलेत तर प्लेअरमध्ये तीन गायक दिसतील.

टॅग आयडीथ्री (ID3) या एमपीथ्रीच्या टॅग-पद्धतीच्या २.३ आवृत्तीत, यूटीएफ-१६ हा अक्षरसंकेत निवडून जतन करा. गाडीतल्या जुन्या प्लेअरना २.४ अनेकदा वाचता येत नाही. पहिल्या आवृत्तीचा टॅग लिहूच नका: शीर्षकाला ३० बाइट, आणि देवनागरीची सोयच नाही. ट्रॅक क्रमांक मात्र इंग्रजी अंकांत (1, 2, 3) घाला, नाहीतर क्रम विस्कटतो.

पडद्यावर काय दिसतं त्यावरून बिघाड ओळखा. चौकोन दिसले तर फक्त फाँट नाही, टॅग शाबूत आहे. खुणा असलेली रोमन अक्षरं तीन-तीनच्या गटांत आली, तर यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातला मजकूर चुकीच्या संकेतात वाचलाय. संकेत बदलून ते बहुतेकदा परत येतं. टॅगमध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील तर मजकूर गेला, कॅसेटचं वेष्टन काढून पुन्हा टाइप करा.