तुझ्यावर भूक आहे का? आयरिश शिकायला निघालेल्यांसाठी

"आयरिश म्हणजे इंग्रजीच ना, जरा वेगळ्या हेलाचं?" आईनं फोनवर विचारलं होतं. नाही गं. ही केल्टिक गटातली स्वतंत्र भाषा. तिची जवळची बहीण स्कॉटिश गेलिक, आणि आपली मराठीही लांबून का होईना, त्याच इंडो-युरोपीय गोतावळ्यातली. पहिल्या आठवड्यात अंक शिकताना 'शाख्त, ओख्त, नी, देह' ऐकलं, तेव्हा सात, आठ, नऊ, दहा वेगळं पाठ करावंच लागलं नाही.

आधी प्रवेशाचं, कारण तिथे मी आपटले. आयर्लंडमधली मुलं प्राथमिक शाळेपासून आयरिश शिकतात. त्यामुळे आयरिश मुख्य विषय घेऊन पदवी करायची, तर सहसा लीविंग सर्टइतकी, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीची, आयरिश येते असं धरूनच शिकवतात. मी संस्कृतच्या भरवशावर थेट त्या वर्गात जाऊन बसले. तासभर एक शब्द कळेना. आठवड्यात मुकाट्यानं नवशिक्यांच्या वर्गात गेले. गॉलवे, डब्लिन, कॉर्क, मेनूथ, कुठेही अर्ज करा, पण 'अगदी शून्यापासून शिकवता का?' हे आधी विचारून घ्या.

आता खरी गंमत. मराठीत शब्दाची शेपटी बदलते: घर, घरात, घराला. आयरिशमध्ये शब्दाचं तोंडही बदलतं. होडीला म्हणतात 'बाड'. त्याची होडी 'अ वाड', तिची होडी 'अ बाड', त्यांची होडी 'अ माड' (कोकणातला नव्हे). त्याची, तिची, त्यांची या तिन्हींना शब्द एकच, 'अ'. होडी कुणाची हे पुढच्या अक्षरावरून ओळखायचं. शब्दकोशात मात्र ती 'बी'खालीच सापडणार. पहिल्या तोंडी परीक्षेत मी एका म्हाताऱ्याची होडी त्याच्या बायकोच्या नावावर करून टाकली. परीक्षक हसले, गुण कापले ते कापलेच.

लेखी आयरिश बघून घाबरायला होतं. 'बी'पुढे 'एच' आला की 'व', 'एम'पुढे 'एच' आला तरी 'व'. पण हे नियम इंग्रजीपेक्षा कितीतरी इमानी आहेत, महिनाभरात अंगवळणी पडतात. बोलींचं तसं नाही. मन्स्टर, कॉनाक्ट, अल्स्टर अशा तीन मुख्य बोली, आणि 'कशी आहेस?' हेसुद्धा तिन्हीकडे वेगळं. लेखनाचं अधिकृत प्रमाण रूप १९५८ साली आलं, पण ते काही कुणाची घरची बोली नव्हे. एक बोली धरा आणि निदान वर्षभर सोडू नका. 'त्यांगलन' या ऑनलाइन कोशात तिन्ही बोलींतले उच्चार ऐकायला मिळतात.

पोटापाण्याचं म्हणाल, तर शिक्षकी आणि भाषांतर. १ जानेवारी २००७ पासून आयरिश युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे, आणि २०२२ पासून तिथलं भाषांतर पूर्ण प्रमाणात होतं. पण तिथल्या कायम नोकरीला सहसा सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं, तेव्हा त्या आशेवर कर्ज काढू नका.

आणि सुट्टीत गेल्टाख्टमध्ये, म्हणजे आयरिशभाषक भागात, राहून याच. मी कॉनमाराला एका घरी राहिले. पहिल्या सकाळी घरच्या बाईंनी विचारलं, "विल ओक्रस ओर्त?" शब्दशः 'भूक तुझ्यावर आहे का?' वर्गात 'हो'सारखं वापरायचे, त्या सवयीनं मी "शा" म्हणाले, तर त्या पाव हातात धरून तशाच उभ्या. आयरिशमध्ये सरसकट 'हो'ला शब्दच नाही, प्रश्नातलंच क्रियापद परत करायचं. आपण नाही का, 'येतेस का?' विचारल्यावर 'येते' म्हणतो, तसंच. मग आठवलं. "ता," म्हणाले. 'विल'चंच होकारी रूप: आहे. पाव माझ्या ताटलीत पडला, वर लोण्याचा जाड थर, आणि लगेच पुढचा प्रश्न आला. तो मात्र अजिबात कळला नाही.