जुनी गाडी संस्थेला दान देताय? या चुका टाळा

आमच्या तालुक्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाचा हिशोब मी ११ वर्षांपासून पाहतो. एवढ्या वर्षांत दान म्हणून ७ गाड्या आल्या, त्यातल्या फक्त २ अशा होत्या की कागदासकट, चालत्या स्थितीत, काही कटकट न होता आल्या. बाकी ५ मध्ये तेच तेच झालं. देणाऱ्याचं मन चांगलंच राहते, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पोरगा पुण्याला लागला, त्यानं नवी गाडी घेतली, जुनी अंगणात उभी आहे, विकून असे किती येणार, त्यापेक्षा पोरींच्या कामी येऊ द्या, असं म्हणून लोक फोन करतात. पण एकदा द्यायचं ठरलं की मग सगळ्यांना भलतीच घाई. "उद्याच घेऊन जा भाऊ, परवा घरी साक्षगंध आहे, मांडव टाकायचा आहे." आणि घाईत जे राहून जाते ते नंतर देणाऱ्याच्याही अंगावर येते आणि घेणाऱ्याच्याही.

चावी दिली म्हणजे गाडी दिली, हा समज

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की आता कोणी चावी पुढे केली तर मी हातच पुढे करत नाही.

बाजूच्या तालुक्यातले एक रिटायर गुरुजी आहेत, आमच्या मामाजींचे सोबती. पत्नीच्या तेरवीच्या दिवशी त्यांनी घरची वॅगनार एका वृद्धाश्रमाला दिली. मांडवात कार्यक्रम झाला, गाडीला हार घातला, नारळ फोडला, चावीला लाल धागा बांधून फोटो काढला. गाडीचं नाव बदलायला लागणाऱ्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर गुरुजींनी कोऱ्या सह्या करून दिल्या, बाकी तुम्ही भरून घ्या म्हणाले. ते फॉर्म आश्रमाच्या कपाटातच पडून राहिले, कोणी आरटीओत गेलंच नाही. पुढच्या वर्षी इन्शुरन्स संपला तोही कोणी भरला नाही. आणि त्यानंतर ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळच्या वेळी यवतमाळ रोडच्या एका फाट्यावर त्याच गाडीनं मोटारसायकलवाल्याला धडक दिली, त्या माणसाचं मांडीचं हाड मोडलं. गाडी चालवत होता आश्रमातल्या ड्रायव्हरचा भाचा.

कोर्टाची नोटीस आली ती गुरुजींच्या घरी. मी त्या दिवशी तिथंच होतो. ओसरीवर बसून त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला, आणि "गैरअर्जदार क्रमांक १" यापुढे स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, त्यावर बोट ठेवून मला विचारलं, "गाडी तर मी देऊन टाकली ना, मग मी काहून?"

काहून, तर कायद्यात मालक म्हणजे आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ज्याचं नाव आहे तो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) मध्ये तसं लिहिलेलं आहे, आणि सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या फेब्रुवारीत नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हे अगदी पक्कं करून टाकलं. त्या केसमध्ये गाडी एकामागून एक अशी अनेक हातात गेली होती, तरी नुकसानभरपाईची जबाबदारी ज्याच्या नावावर आरसी होती त्याच्यावरच आली. इन्शुरन्स चालू असता तर कंपनीनं भरलं असतं, तो संपलेला. गुरुजींनी तीन वर्षं तारखा केल्या आणि शेवटी तडजोडीत पैसे भरले, ते रिटायरमेंटची एफडी मोडून. हार घातलेला तो फोटो अजून त्यांच्या बैठकीत आहे.

म्हणून माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. आधी कागद, मग चावी. देणारा आणि संस्थेचा सही करणारा माणूस, दोघं एका टेबलावर बसतात, सरकारच्या वाहन पोर्टलवर (वेबसाईटवर) अर्ज माझ्यासमोर भरला जाते, ओटीपी देणाऱ्याच्या मोबाईलवर येते, म्हणून त्याचा चालू नंबर आधीच अपडेट करून ठेवायचा, याच्यातच अर्ध्या लोकांचा एक दिवस जाते. २९ नंबरच्या दोन प्रती, ३० नंबरचा फॉर्म, मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, दोन्हीकडचे पॅन आणि पत्त्याचे पुरावे, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि गाडी स्वीकारल्याचा व सही कोण करणार याचा ठराव. ठरावाशिवाय संस्थेच्या नावावर गाडी चढत नाही, आणि तो मागितला की लहान संस्थांची धांदल उडते कारण मीटिंगच झालेली नसते. देणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव चढवून घ्यायचं, असं कायदा म्हणते. मी १४ दिवस थांबतच नाही, त्याच आठवड्यात जातो. आमच्याकडून आरटीओ ६० किलोमीटर आहे, एक दिवस मोडते, मोडू द्या.

सोबत एक ताबा पावती. त्यावर तारीख तर लिहाच, वेळही लिहा, मिनिटासकट, आणि किलोमीटरचं रीडिंग, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. १० वाजून २० मिनिटांनी गाडी गेली आणि १२ वाजता काही झालं तर तो कागद बोलते. महिनाभरानं एम परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून नाव बदललं का ते देणाऱ्यानं स्वतः पाहायचं. नावाची काही अक्षरं फुल्यांनी झाकलेली राहतात पण ओळखू येते. संस्थेचा शब्द, माझा शब्द, कोणाचाच धरू नका, तिथं पाहा.

आणि ते एजंटचं. दोन-तीन हजार दिले की घरबसल्या होते असं प्रत्येक जण सांगते. मला ते पटत नाही. सगळेच एजंट फसवतात असं नाही, पण ज्या गाडीचं प्रकरण अडकलं तिथं दरवेळी देणारा हेच म्हणतो की मी तर एजंटला पैसे दिले होते. ज्या कामात तुमचं नाव गुंतलं आहे त्या कामाला एक दिवस देता येत नसेल तर गाडी देऊ नका, अंगणात राहू द्या.

तीन वर्षं झाडाखाली उभी असलेली गाडी

"चालू आहे, फक्त बॅटरी गेली." हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते.

एका सधन शेतकऱ्यानं आम्हाला दिलेली गाडी चिंचेखाली तीन उन्हाळे उभी होती. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे ४५ डिग्री, टायरच्या बाजूला बारीक भेगा पडलेल्या, बोट फिरवलं तर रबराची भुकटी निघाली. बोनेट उघडलं तर आत उंदरांचं घर, सीटचा फोम आणि सरकीसकट कापूस आणून गादी केलेली, आणि वायरिंग इतकं कुरतडलेलं की तांब्याच्या तारा उघड्या. टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास. आम्ही तेव्हा नवखे, फुकट मिळते म्हणून टोचन लावून घेऊन आलो. बॅटरी, चार टायर, वायरिंग, क्लच प्लेट, इंधन पंप, असं करत ३८ हजार गेले, आणि ते ३८ हजार म्हणजे आमच्या ४० पोरींचं जवळपास महिनाभराचं धान्य-किराणा. त्यानंतरही ती पावसाळ्यात दोनदा रस्त्यात बंद पडली, एकदा ताप आलेल्या पोरीला दवाखान्यात नेताना. त्या दिवसापासून मी ठरवलं की गाडी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय घ्यायचीच नाही. सकाळी थंड इंजिनवर स्टार्ट करायला लावतो, मी पोचायच्या आधी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जातो. मग २० किलोमीटर चालवतो, अंधार पडल्यावर लाईट पाहतो. गावातला मिस्त्री सोबत नेतो आणि त्याची मजुरी संस्थेच्या खर्चात टाकतो.

देणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच, की दुरुस्त करून द्या नाहीतर नका देऊ. बॅटरी आणि टायर तुम्हीच टाकून द्या. ते परवडत नसेल तर गाडी भंगारात जायच्या लायकीची आहे हे मान्य करा आणि नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात टाका, तिथं जे ठेव प्रमाणपत्र मिळते त्यावर नव्या खाजगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये केंद्राच्या नियमानुसार २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. भंगाराचे पैसे संस्थेला द्या, आम्ही दोन हातांनी घेऊ. गावातल्या भंगारवाल्याला कापायला देऊ नका, गाडी कापल्या जाते आणि आरसी तुमच्या नावावर जिवंत राहते.

गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर आणखी विचार करा. नोंदणीच्या रिन्यूअलची फी १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी ६०० वरून ५००० झाली, वर पर्यावरण कर, वर फिटनेस तपासणी. हा खर्च कोण करणार ते आधी बोला. आणि सरकारी दवाखान्याला जुनी गाडी देतो म्हणणाऱ्यांसाठी, सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालतच नाही.

ओम्नीची अँब्युलन्स करू

दरवर्षी एक तरी माणूस हा विचार घेऊन येते. सीट काढू, स्ट्रेचर टाकू, वर लाल-निळा दिवा. भाऊ, असं होत नाही. गाडीत असा बदल करायला कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते, अँब्युलन्ससाठी एआयएस-१२५ नावाचं वेगळं मानक आहे, आणि फिटनेसही काढावं लागते. पेशंट नेताना अपघात झाला आणि कागदावर गाडी घरगुती निघाली तर इन्शुरन्सवाले हात वर करायला मोकळे. तसंच पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत भाडं घेऊन शाळेची पोरं नेणं, तेही करू नका, करायला लावू नका.

दीड लाखाची पावती फाडा

नाही फाडणार. दानावरची आयकराची सूट (८०जी) फक्त पैशाच्या दानाला आहे, वस्तूला नाही, गाडी ही वस्तू. रोख दिले तर २००० च्या वर सूट नाही. आणि नवीन कर पद्धत घेतली असेल तर ही सूट मिळतच नाही. ज्याला सूट पाहिजे त्यानं गाडी बाजारात विकावी आणि चेक द्यावा, हे दोघांच्याही सोयीचं आहे, आणि खरं सांगायचं तर आम्हाला गाडीपेक्षा बहुतेक वेळा चेकच जास्त कामाचा राहते.

बाकी लवकर लवकर सांगतो. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर ती आधी ३१ नंबरच्या फॉर्मनं वारसाच्या नावावर येते, मगच पुढे दान, सगळ्या भावा-बहिणींची संमती आधी घ्या, कारण गाडी गेल्यावर एखादी बहीण फोन करते आणि मग आम्हाला तोंड द्यावं लागते. कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही, बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि ३५ नंबरचा फॉर्म लागते. ई-चलन बाकी असेल तर भरा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल आणि एचएसआरपी (जास्त सुरक्षेची सरकारी) नंबरप्लेट बसवली नसेल तर ट्रान्सफर तिथंच अडते. फास्टॅग काचेवरून खरवडून काढा आणि बँकेत बंदही करा, एका दानशूर डॉक्टरांच्या खात्यातून आमच्या नागपूरच्या फेऱ्यांचा टोल चार महिने कटत होता, त्यांनी काही म्हटलं नाही पण मला फार वाईट वाटलं. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुमचा आहे, गाडीचा नाही, कंपनीकडून पत्र घेऊन ठेवा, ३ वर्षांपर्यंत नव्या गाडीला चालते.

आणि देण्याआधी डॅशबोर्डचा कप्पा, सीटखालची जागा आणि डिक्की रिकामी करा. मागच्या दिवाळीत आलेल्या गाडीत मला सातबारा, दोन वर्षांच्या कापूस विक्रीच्या पावत्या आणि एका छोट्या पोराच्या लसीकरणाचं कार्ड सापडलं. लसीचा पुढचा डोस त्याच आठवड्यात होता, म्हणून त्याच संध्याकाळी ते कार्ड नेऊन दिलं.