क्लायंटकडे व्हिडिओ चालत नाही? पाठवण्याआधी एवढं करा

"आवाज येतोय हो, पण चित्र काळंच दिसतंय." नातवाच्या मुंजीची फिल्म दिल्यावर दुसऱ्याच दिवशी कोथरूडच्या एका काकांचा फोन आला. मी आधी त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर संशय घेतला. चूक माझी होती. फाइल एच.265 मध्ये होती आणि त्यांच्या लॅपटॉपला ती वाचता येत नव्हती. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: फाइल आपल्या एडिटिंग मशीनसाठी नाही, समोरच्या घरातल्या सगळ्यात जुन्या उपकरणासाठी बनवायची.

फाइलच्या नावापुढचं एमपी4 हा नुसता डबा असतो. आत भाजी कोणती, ते कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, ठरवतो. 2003 मध्ये आलेला एच.264 आज जवळपास सगळीकडे चालतो. 2013 चा एच.265 कमी जागा घेतो, पण अनेक विंडोज लॅपटॉपवर त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन लागतं. आयफोनही 'हाय एफिशियन्सी' सेटिंगवर याच कोडेकमध्ये शूट करतो. आतलं पाहायचं असेल तर मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा.

एक्सपोर्ट करताना एमपी4, एच.264, 1920 बाय 1080, रंगांसाठी 8 बिट आणि ऑडिओ एएसी निवडा. 10 बिट एच.264 ही फसवी गोष्ट आहे. नाव तेच असतं, पण कितीतरी टीव्ही आणि फोन ती फाइल उघडतच नाहीत. बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, 8 एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) ठेवलात तर मिनिटाला साधारण 60 एमबी होतात, म्हणजे अर्ध्या तासाला 1.8 जीबी. प्रोरेस या एडिटिंगसाठीच्या जड कोडेकमधली मास्टर फाइल आपल्याकडेच राहू द्या.

तयार फाइल या प्रकारात बदलायची असेल तर हँडब्रेक हे सॉफ्टवेअर मोफत आहे. फाइल आत ओढा, 'फास्ट 1080पी30' प्रीसेट निवडा, 'वेब ऑप्टिमाइज्ड'वर टिक करा आणि स्टार्ट दाबा. या टिकमुळे फाइलची अनुक्रमणिका शेवटाऐवजी सुरुवातीला जाते, त्यामुळे ऑनलाइन पाहताना व्हिडिओ लवकर सुरू होतो.

आता तपासणी, आणि इथे घाई करू नका. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये तपासू नका. तो जवळपास सगळंच चालवतो, त्यामुळे अडचण लपून राहते. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरवर आणि एखाद्या साध्या अँड्रॉइड फोनवर चालवा. सुरुवात, मध्य, शेवट, तिन्ही ठिकाणी चित्र आणि आवाज पाहा. काकांना 'व्हीएलसी टाकून घ्या' म्हणणं मला पटत नाही. सत्तरीतल्या माणसाने नातवाची मुंज पाहायला सॉफ्टवेअर का शोधावं?

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि चित्र फाटतं. डॉक्युमेंट म्हणून जोडा, 2 जीबीपर्यंत फाइल जशीच्या तशी जाते. गूगल ड्राइव्हची लिंक देत असाल तर 'लिंक असलेल्या कोणालाही' ही परवानगी द्या आणि तीच लिंक इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघा. अपलोडनंतर ड्राइव्ह व्हिडिओवर काही वेळ प्रक्रिया करतं. तेवढ्यात क्लायंटने उघडलं तर प्ले होत नाही, म्हणून प्रीव्ह्यू नीट चालल्यावरच लिंक पाठवा.

पेनड्राइव्ह टीव्हीला लागणार असेल तर फॉरमॅटचा विचार आधी करा. जुने टीव्ही बहुतेक फॅट32 या फॉरमॅटचा पेनड्राइव्ह वाचतात, आणि त्यात एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी बसत नाही. दोन तासांचं लग्न 8 एमबीपीएसने 7 जीबीच्या वर जातं. तेव्हा सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन असे भाग करा आणि नावाआधी 01, 02 लिहा, म्हणजे टीव्हीवर क्रम चुकत नाही.

काकांना मी शेवटी असाच पेनड्राइव्ह नेऊन दिला, दोन भागांचा. त्यांनी आधी 02 लावला, कारण भिक्षावळ त्यात होती.