नेट स्लो आहे? आधी आरएक्स पॉवर बघा

नेट रखडलं की आपण पहिलं काय करतो, तर राऊटर बंद-चालू. पण घरात फायबर असेल तर आधी आरएक्स पॉवर बघा, म्हणजे फायबरमधून घरी किती उजेड पोचतोय ते. ब्राउझरमध्ये ओएनटीचं, म्हणजे फायबर ज्या डब्याला येऊन लागते त्याचं, पेज उघडा, बऱ्याचदा १९२.१६८.१.१ असतं, स्टेटसमध्ये पॉन किंवा ऑप्टिकल शोधा, तिथे -१९.५ डीबीएम असं काहीतरी दिसेल (डीबीएम हे उजेड मोजायचं एकक, त्यातली घट-वाढ डीबीत). -१८ हे -२५ पेक्षा चांगलं, दर ३ डीबीला उजेड निम्मा होतो.

बहुतेक घरी जीपॉन असतं, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं जी.९८४ मानक, डाऊनलोड २.४८८ गिगाबिट आणि अपलोड १.२४४, आणि हे कंपनीच्या एका पोर्टवरच्या (जिथून ती फायबर निघते) सगळ्या घरांत मिळून. नेहमीच्या बी प्लस क्लासमध्ये (उपकरणांच्या क्षमतेचा एक वर्ग) ओएनटीला -२७ पर्यंत चालतं आणि -८ च्या वर गेलं तर उजेड जास्त होतो, मग तोही त्रास.

आता हिशोब करा. एक्स्चेंजमधून +३ डीबीएम निघालं, १:३२ च्या स्प्लिटरमध्ये (एका फायबरचा उजेड ३२ वाटांत वाटणारा भाग) साधारण १७ डीबी गेले, ५ किलोमीटर वायरीत दीड-दोन, कनेक्टर आणि स्प्लाइस (वायरीचे कायमचे जोड) मिळून एक-दोन, म्हणजे घरी -१८ च्या आसपास यायला हवं. तुमच्याकडे -२६ दिसतंय म्हणजे कुठेतरी ७-८ डीबी गळतायत, आणि ते खूपदा घरातच गळतात: वायर कपाटामागे दाबलेली, कोपऱ्यात मोडून वर खिळा ठोकलेला. जी.६५७ए२ प्रकारची फायबर वायर साडेसात मिलिमीटर त्रिज्येचं वळण सहन करते, जुनी जी.६५२डी तेवढ्या वळणाला नाही टिकत, तिला ३० मिलिमीटर तरी द्या.

मग कनेक्टर. हिरवा म्हणजे एपीसी, त्याचं टोक ८ अंशात तिरकं घासलेलं असतं, तो निळ्या, सरळ टोकाच्या कनेक्टरला जोडू नका, टोकं नीट टेकत नाहीत. टोकाला बोट लावू नका, आणि वायरीत डोकावून तर अजिबात बघू नका, हा उजेड दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात घ्या, -१८ असो की -२३, स्पीड तेवढाच मिळतो. पॉवर चांगलं आहे, लॅन केबल लावूनही रोज रात्रीच स्लो होतंय, तर पोर्टवर किंवा पुढे कंपनीच्या नेटवर्कवर गर्दी आहे, तिथे वायर बदलून काही होणार नाही.

कंपनीचा माणूस आला की त्याला उजेड मोजायचं मीटर बाहेरच्या बॉक्सवर लावायला सांगा आणि मग घरातल्या टोकाला, दोन्हीत १ डीबीपेक्षा जास्त फरक असेल तर मधली वायर किंवा तिचा कनेक्टर बदलूनच घ्या.