बाहीचा हात सोडू नका: ज्युदोतला पहिला थ्रो शिकताना

ज्युदो शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला थ्रो मारायची घाई असते, आणि क्लासमध्ये सुरुवातीला नुसतं पडायला लावतात. मागे पडा, कुशीवर पडा, खांद्यावरून पुढे गडगडत जा, उठा, परत पडा. पुष्कळजण इथेच कंटाळून गळतात. मी मोठेपणी शिकायला लागले, त्यामुळे पडायची धास्ती मला लहान मुलांपेक्षा जास्त होती. तरीही आज नवीन बॅचला मदत करताना माझा पहिला आग्रह पडण्याचाच असतो. ज्याला पडायची भीती असते तो थ्रो मारतानाही आखडतो, आणि दुसऱ्याचा थ्रो घ्यायला उभा राहिला की अंग आक्रसून घेतो. अशा जोडीत कोणालाच काही शिकता येत नाही.

पडण्याच्या तंत्राला उकेमी म्हणतात. बघणाऱ्याला त्यातली मॅटवर मारलेली थाप लक्षात राहते, पण आधी सांभाळायची ती मान. मागे पडताना हनुवटी छातीकडे आणि नजर आपल्याच पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोक्याचा मागचा भाग मॅटला लागत नाही. थाप त्यानंतरची. हात अंगापासून साधारण 30 ते 45 अंशांवर, तळवा खाली, आणि अख्खा हात एकाच वेळी मॅटवर आला पाहिजे. हात खांद्याच्या रेषेपर्यंत वर गेला तर झटका सरळ खांद्यात जातो. हात मागे टेकून पडणं थोपवायला गेलात तर मनगट, कोपर नाहीतर कॉलरबोन यांपैकी काहीतरी दुखावणारच. हात टेकायची ही सवय जन्मापासूनची असते, ती मोडायलाच एवढे आठवडे जातात. कुशीवर पडताना पाय एकमेकांवर आपटू देऊ नका, घोटे सडकून लागतात. आणि पडताना श्वास सोडा. श्वास कोंडून पडलं की छाती अशी आवळते की थोडा वेळ बोलताही येत नाही.

आधी झोपून, मग उकिडवं बसून, मग उभं राहून, मग चालता चालता आणि शेवटी ओणव्या झालेल्या जोडीदारावरून, या क्रमाने उकेमी वाढवत नेतात. मधली पायरी गाळू नका. उभ्याने मागे पडताना तुमचा हात अजून मागे जात असेल तर तुम्ही थ्रो घ्यायला तयार नाही, आणि हे प्रशिक्षकांना मोकळेपणाने सांगायला काहीच हरकत नाही.

आता थ्रो. टाकणाऱ्याला तोरी आणि पडणाऱ्याला उके म्हणतात. हे दोन शब्द पहिल्याच दिवशी कानावर पडतील. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योत कोदोकान ही शाळा सुरू केली आणि जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतून ज्युदो घडवलं. कोदोकानच्या शिकवणीत थ्रोचे तीन भाग पडतात: कुझुशी म्हणजे समोरच्याचा तोल घालवणं, त्सुकुरी म्हणजे आपलं अंग योग्य जागी नेणं आणि काके म्हणजे प्रत्यक्ष टाकणं. नवीन माणसाचं सगळं लक्ष तिसऱ्या भागावर असतं. पण पहिले दोन नीट झाले तर तिसऱ्यासाठी फारशी ताकद लागत नाही, आणि ते नीट झाले नाहीत तर कितीही ताकद लावा, उके जागचा हलत नाही.

कोदोकानने 1895 मध्ये थ्रोंची एक क्रमवार यादी केली, ती 1920 मध्ये सुधारली. गोक्यो म्हणतात तिला: पाच गट, एकूण चाळीस थ्रो. पहिल्या गटातल्या आठांमध्ये ओ-गोशी हा कमरेवरून टाकायचा थ्रो आहे आणि ओ-सोतो-गारी हा बाहेरून पाय कापून, म्हणजे आपल्या पायाने झाडून, मागे पाडायचा थ्रोही आहे. बऱ्याच ठिकाणी ओ-सोतो आधी शिकवतात, कारण त्यात वळावं लागत नाही, समोरासमोर उभं राहून जमतो. माझं मत सरळ उलट आहे, ते का हे पुढे येईलच. पहिला थ्रो ओ-गोशीच असावा.

उजवा हात चालत असेल तर डाव्या हाताने उकेची उजवी बाही कोपराजवळ धरा. उजवा हात त्याच्या डाव्या काखेखालून पाठीमागे, कमरेवर. पहिलं पाऊल उजवं; ते उकेच्या उजव्या पायाच्या बोटांसमोर, किंचित आतल्या बाजूला पडतं. त्याच पावलाच्या चवड्यावर वळा आणि डावा पाय मागून फिरवून उकेच्या डाव्या पायासमोर आणा. आता दोघांची तोंडं एकाच दिशेला आहेत. तुमची पावलं त्याच्या पावलांच्या आत हवीत, गुडघे वाकलेले हवेत, आणि तुमचा पट्टा त्याच्या पट्ट्याच्या खाली. तुमचा खुबा त्याच्या उजव्या कुशीच्या थोडा बाहेर निघाला पाहिजे. मग गुडघे सरळ करा, बाही ओढत राहा, मान आणि खांदे डावीकडे वळवा. उके कमरेवरून फिरून तुमच्या पायांपुढे येतो.

वाचायला हे सोपं वाटतं. मॅटवर पहिल्यांदा दिसतात त्या नेहमीच्या चुका. टाच टेकवून वळलं की पाऊल अडकतं, अंग वळतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. म्हणून वळायचं ते चवड्यावर. गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकलं की उकेचं वजन पाठीवर येतं आणि दुसऱ्या दिवशी पाठ बोलते. आणि सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे दोघांच्या अंगांत राहिलेली फट. तुमची पाठ आणि उकेची छाती चिकटलेली नसेल तर तो कमरेवर येतच नाही, बाजूने घसरतो, आणि मग दोघंही वेडेवाकडे पडतात.

परवा एक नवीन मुलगा हा थ्रो घोटत होता. पाय बरोबर, गुडघे वाकलेले, तरी उके हलेना. तो आणखी खाली बसायला लागला, आणखी जोर करायला लागला. मी त्याचे पाय बघितलेच नाहीत, डावा हात बघितला. वळताना त्याचं कोपर त्याच्याच बरगड्यांना चिकटत होतं आणि मूठ पोटापाशी येऊन थांबत होती. बाही धरलेली होती, पण ओढलेली नव्हती. उकेच्या टाचा आरामात मॅटवर होत्या. त्याला म्हटलं, मनगटावरचं घड्याळ बघतोस तसा हात वर आण, कोपर खांद्याच्या उंचीला. पुढच्या वेळी तो वळायच्या आधीच उकेची टाच उचलली गेली, आणि थ्रो जवळजवळ आपोआप झाला. जोर काढून टाकला तेव्हा झाला, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

बाहीच्या या हाताला हिकिते म्हणतात. नवीन माणसाने एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही, कारण हा हात दोन कामं करतो. सुरुवातीला तो उकेला चवड्यांवर आणतो. शेवटी, उके मॅटवर येतो त्या क्षणी, तोच हात बाही वर खेचून धरतो. त्यामुळे उकेचा उजवा खांदा आणि डोकं वर राहतं, अंग कुशीकडे वळतं आणि त्याचा डावा हात थाप मारायला मोकळा राहतो. बाही मध्येच सोडली तर उके हवेत एकटा असतो. कुठे पडेल, कसा पडेल, हे कोणाच्याच हातात राहत नाही. म्हणून मी तरी प्रभावी थ्रो आणि सुरक्षित थ्रो हे वेगळे धडे मानत नाही. स्पर्धेतही इप्पॉन, म्हणजे सामना तिथेच संपवणारा पूर्ण गुण, द्यायचा तर वेग, जोर आणि पाठीवर पडणं एवढं पुरत नाही, पडणं पूर्ण होईपर्यंत तोरीचं नियंत्रण दिसावं लागतं.

सरावाच्या बाबतीत उचिकोमीवर बराच वेळ जाईल. उचिकोमी म्हणजे न टाकता फक्त आत शिरायचं, उके उचलला जाईपर्यंत न्यायचं आणि परत यायचं. हे उपयोगी आहे, पण यात एक सापळा आहे. दमल्यावर माणूस फक्त आकडा पुरा करायला लागतो: मान खाली, बाही सैल, पावलं लांब. असे शंभर प्रवेश चुकीची सवयच पक्की करतात. दमलात तर थांबा, कमी करा, पण प्रत्येक वेळी बाही वर आलीच पाहिजे. उकेनेही अशा वेळी मागे रेलू नये. सरळ, सैल उभं राहणं हेच त्याचं काम.

प्रत्यक्ष टाकायचा सराव जाड क्रॅश मॅटवर सुरू करतात. भीती जाण्यासाठी ती चांगलीच. पण जाड मॅट वाईट पडणंसुद्धा झाकते, हात मागे टेकला तरी दुखत नाही. म्हणून तिथे फार दिवस रमू नका. आणि टाकताना स्वतः उभे राहा. उकेच्या अंगावर कोसळणं जोमदार दिसत असलं तरी त्याच्या बरगड्यांवर तुमचं सगळं वजन येतं. नवशिक्याने ते करूच नये.

आता ओ-सोतो-गारी. या थ्रोत उके सरळ मागे जातो. कुठे पडतोय ते त्याला दिसत नाही, त्याचा एक पाय कापलेला असतो आणि डोकं सर्वांत लांबचा फेरा घेऊन खाली येतं. हनुवटी आत राहिली नाही तर डोक्याची मागची बाजूच आपटते. जपानमध्ये शाळकरी ज्युदोतल्या डोक्याच्या गंभीर दुखापतींचा शोध घेतला गेला तेव्हा नवशिकी मुलं आणि ओ-सोतो-गारी ही जोडी वारंवार पुढे आली. 2012 पासून तिथल्या कनिष्ठ माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या, त्या वेळी यावर बरीच चर्चाही झाली. डोकं मॅटला न लागताही नुसत्या जोरदार हिसक्याने मेंदूभोवतीच्या शिरा फाटू शकतात, हे विसरू नका. तेव्हा मागे पडायची उकेमी पक्की नसेल तर ओ-सोतो घेऊ नका आणि तशा जोडीदाराला मारूही नका. मारायचाच असेल तर दोन्ही हातांनी वर धरून, सावकाश.

डोक्याला मार लागलाच, तर त्या दिवशीचा सराव तिथेच संपला. डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय, बोलणं अडखळतंय, झोप अनावर होतेय, यातलं काहीही दिसलं तर "बघू उद्या" म्हणायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

जोडीदार निवडायला मिळत असेल तर पहिले थ्रो अनुभवी माणसावर मारा. दोन पांढरे पट्टे एकमेकांना टाकतायत हे दृश्य मला अजूनही बघवत नाही. एकाला टाकता येत नाही आणि दुसऱ्याला पडता येत नाही. वजन साधारण सारखं असावं. नखं कापलेली हवीत, अंगठ्या, कानातलं काढून ठेवायचं. टाकण्याआधी आजूबाजूला बघायचं, कारण गर्दीच्या मॅटवर बऱ्याचदा शेजारच्या जोडीच्या पायांवर पडून लागतं. मॅटच्या जोडांत फट पडली असेल तर ती आधी सरकवून घ्या, पायाचं बोट अडकायला तेवढं पुरतं.

उके होणं म्हणजे फुकट जाणारा वेळ, असं मुळीच समजू नका. चांगला तोरी कधी खेचतो, तुमची टाच नेमकी कधी उचलली जाते, कुठल्या क्षणी सुटका संपते, हे पडताना अंगाला कळतं तसं बघून कळत नाही. फक्त थ्रो सोपा व्हावा म्हणून स्वतःहून उडी मारू नका. तोरीला खोटं यश मिळतं आणि तो तीच सवय पुढे नेतो.

रांदोरी म्हणजे मोकळी झुंज. ती सुरू झाली की उभा असलेला माणूस पुन्हा आखडतो, हात ताठ करून समोरच्याला लांब ठेवतो. तसं केलं की तुम्हालाही आत शिरता येत नाही. सैल राहा, चालत राहा. ओ-गोशीसाठी उके पुढे यायला हवा; तो येत नसेल तर त्याला हलकेच मागे ढकला. बहुतेकजण उलट ढकलतात, आणि तीच तुमची वेळ. तुमच्यावर थ्रो लागलाच आहे हे कळल्यावर मात्र हट्ट करू नका. पाठ टेकू नये म्हणून हवेत पीळ घेऊन डोक्यावर उतरणं हा नव्या आणि जुन्या दोघांचाही आवडता वेडेपणा. नियमांनुसार डोकं आणि पाय टेकवून कमान करून उतरलं तरी इप्पॉनच जातो, म्हणजे मान धोक्यात घालून पदरात काहीच पडत नाही. तोरीने थ्रो मारताना डोकं पुढे खुपसून सूर मारला तर थेट बाद करतात. दोन्ही पायांच्या कात्रीत उकेचे पाय धरून पाडायचा कानी-बासामी स्पर्धेत बंद आहे. 1980 मध्ये यासुहिरो यामाशितांसारख्या खेळाडूचा पाय त्यानेच मोडला होता. व्हिडिओत बघून तो करून बघू नका.

उजवीकडून ओ-गोशी रांदोरीत अधूनमधून लागायला लागला की डावीकडून सुरू करा, आणि सुरुवात उचिकोमीपासूनच करा. इतके दिवस कमरेवर असलेल्या उजव्या हाताकडे आता बाही येते आणि तो ती हमखास मध्येच सोडतो. तेव्हा डाव्या बाजूचे पहिले थ्रो सावकाश आणि क्रॅश मॅटवर, आणि उके म्हणून पुन्हा तुमच्यापेक्षा जुना माणूस घ्या.