गाजराच्या आकाराची ईस्टरची खाऊ-पिशवी कशी शिवावी

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कुठल्याही रविवारी येतो. अमेरिकेत राहणाऱ्या आमच्यासारख्या घरांत त्याआधीचे काही आठवडे शिलाई मशीनवर केशरी कापडच असतं. मुलांच्या वर्गात वाटायला, शेजाऱ्यांना द्यायला, अंडी शोधण्याच्या खेळात हातात धरायला अशा पिशव्या लागतातच. अंडी ससा आणतो ही कल्पना मूळची जर्मन मुलखातली. १६८२ सालच्या एका लॅटिन निबंधात तिचा उल्लेख आहे, आणि पुढे पेन्सिल्व्हेनियात वस्ती केलेल्या जर्मन कुटुंबांनी ती इकडे आणली. आदल्या रात्री इथली मुलं सशासाठी गाजर काढून ठेवतात, म्हणून खाऊची पिशवीही गाजराची.

या पिशवीची कृती सगळीकडे एकच सांगतात: दोन केशरी त्रिकोण कापा, जोडा, सुलटे करा, नाडी ओवा. त्रिकोण चूक आहे, आणि ‘सुलटे करा’ या दोन शब्दांत या कामातली खरी मेहनत कुणी पाहूच नये अशी दडवलेली आहे. म्हणून हा लेख.

कापड पातळ, घट्ट विणीचं सुती घ्या. पॉपलीन उत्तम, टू बाय टूचा ब्लाउजपीस चालतो, इथे मिळणारं गोधडीचं सुती कापड तर फारच छान. फेल्ट, डेनिम, कॅनव्हास अजिबात नको. जाड कापडाचं टोक कधीच टोकदार होत नाही. कापड आधी धुऊन इस्त्री केलेलं असावं हे सांगायला नको. रंग मात्र केशरीच घ्या. आपल्याकडची हिवाळ्यातली लाल गाजरं मला जास्त आवडतात, पण लाल कापडावर हिरवा शेंडा आला की पिशवी मिरची दिसते.

आता त्रिकोणाचं. सरळ माथ्याचा त्रिकोण कापला की टोकापासून माथ्यापर्यंतचं अंतर बाजूच्या कडांनी जास्त आणि मधून कमी भरतं. बारा इंचांच्या समभुज त्रिकोणात हा फरक दीड इंचाहून जास्त आहे. अशा पिशवीचं तोंड शिवणीपाशी वर चढतं, मध्ये खाली बसतं, आणि नाडी ओढली की शेंडा वाकडा होतो. वरची कड गोलाईतच हवी. त्यासाठी कागदावर एक बिंदू घ्या, टेपने बारा इंचांची त्रिज्या धरून कंस काढा. कंसावर एक खूण करा, त्या खुणेपासून सरळ रेषेत बारा इंचांवर कंसावरच दुसरी खूण करा, दोन्ही खुणा मूळ बिंदूला जोडा. कोनमापक न वापरता बरोबर साठ अंशांची पाकळी मिळते. तिला मधोमध दुमडून एकच शिवण घातली की शंकू तयार. दोन तुकडे नकोत, दुसरी शिवण नको.

कापडावर ठेवताना पाकळीची मधली रेषा उभ्या धाग्यावर घ्या. कापड वाचवायला एक कड किनारीला लावाल, तर ती कड सरळ धाग्यावर येईल आणि दुसरी उरेबकडे, म्हणजे कापडाच्या तिरप्या, ताणणाऱ्या दिशेकडे झुकेल. मग शिवताना एक ताणते, दुसरी ताणत नाही, आणि गाजर पिळवटतं. मधली रेषा धाग्यावर असली की दोन्ही कडा सारख्याच तिरप्या येतात आणि सारख्याच वागतात. अठरा बाय बावीस इंचांच्या कापडात एक पाकळी सुलटी आणि एक उलटी ठेवून दोन गाजरं आरामात निघतात.

गाजरावरच्या आडव्या रेघा हव्या असतील तर कापड सपाट असतानाच गडद केशरी दोऱ्याने लहानमोठे धावदोरे घाला.

पाकळी सुलट बाजू आत ठेवून मधोमध दुमडा, टाचण्या लावा, आणि पाव इंच माया (टिपेबाहेर राहणारं कापड) सोडून तोंडाकडून टोकाकडे टीप मारा. दिशा बदलू नका. रुंद बाजूकडून अरुंद बाजूकडे शिवलं की तिरपी कड ताणली जात नाही.

टोक आलं की थांबा. या जागेने मला फार दमवलं आहे, आणि शिवायला बसणाऱ्या प्रत्येकाला इथेच वाटतं की आपला हात चांगला नाही. हाताचा काही संबंध नसतो. पिशवी सुलटी केली की बाहेरची सगळी माया आत जाते, आणि टोकापाशी आत जागाच नसते. शिवणीच्या शेवटापासून अर्धा इंच वर गेलं तरी आतली रुंदी जेमतेम पाव इंच असते, आणि त्यात पाव पाव इंचाच्या दोन माया कोंबायच्या असतात. त्या तिथे गोळा होतात आणि गाजराचा मुळा होतो. नंतर काठी घालून कितीही ढोसलं तरी नसलेली जागा तयार होत नाही. टोक घडतं ते सुलटं करण्याच्या आधी, शिवताना आणि कातरताना.

शेवटचा दीड इंच उरला की टाका लहान करा, मशीनवर दीड मिलिमीटरच्या आसपास. माया फार कापायची आहे, लांब टाका ती धरून ठेवणार नाही. दुमडीपासून दोन टाके अलीकडे सुई कापडात खाली ठेवून मशीन थांबवा आणि फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, उचला. भरतकामाचा मजबूत दोरा दीड हात घ्या. तो कापडाच्या दोन थरांच्या मधून असा सरकवा की त्याचा मध्य सुईला मायेच्या बाजूने वळसा घालेल आणि दोन्ही टोकं पिशवीच्या आतून, दुमडीच्या कडेने तोंडाबाहेर येतील. दोरा सुईला टेकलेला हवा, सुईखाली आलेला नको. मग फूट खाली घ्या आणि उरलेले टाके ब्लाउजच्या टक्सचं टोक काढतो तसे दुमडीला जवळजवळ समांतर नेत कापडाबाहेर सोडा. तिरकी टीप एकदम दुमडीला आदळली तर टोकाशी कापडाचा फुगीर खिसा राहतो.

इथे उलटी टीप मारू नका. शेवटी मागेपुढे टीप मारून शिवण पक्की करायची सवय सगळ्यांनाच असते, पण या जागी तिने फक्त दोऱ्याचा गुंता आणि जाडी वाढते. मशीनच्या दोऱ्याची टोकं बोटभर लांब ठेवून हाताने दोन गाठी मारा. भीती वाटत असेल तर शेवटच्या इंचावर, आधीच्या टिपेवरच आणखी एक टीप चालवा, पण आत ठेवलेला दोरा त्यात सापडू देऊ नका.

आता कातर, आणि इथे हात आखडू नका. टोकापासून दीड इंचापर्यंत माया निमुळती कापत आणा, शेवटी ती टिपेपासून दोन-तीन मिलिमीटरच उरली पाहिजे. टिपेच्या पुढे शिल्लक राहिलेलं त्रिकोणी शेपूट पूर्ण काढा, फक्त गाठी सांभाळा. सुतं सुटू नयेत म्हणून झिगझॅग मारायची असेल तर ती वरच्या भागातच, टोकाच्या दोन इंच अलीकडे संपवा. टोकाला डिंक लावायचा सल्लाही लोक देतात. लावू नका. वाळलेला डिंक कडक होतो, आणि कडक कापड इतक्या अरुंद जागेत वळत नाही. अस्तराचंही तेच: या पिशवीला अस्तर लावणं म्हणजे टोकाशी आणखी दोन थर आणि आणखी दोन माया. खाऊ वेष्टनातच असतो, अस्तराची गरज नाही.

सुलटं करण्याआधी शिवण उघडून इस्त्री करायची असते, पण शंकूत इस्त्री शिरत नाही. लाटण्याचं निमुळतं टोक किंवा लाकडी उलथन्याचा दांडा शिवणीच्या खाली घाला आणि त्यावर इस्त्रीचं टोक फिरवा. प्लॅस्टिकचा दांडा घेऊ नका, वितळेल. ही दोन मिनिटं वाचवलीत तर शिवण आयुष्यभर एका बाजूला कललेली दिसेल.

मग तोंडातून बाहेर आलेली दोऱ्याची दोन्ही टोकं एकत्र धरून हळूहळू ओढा. आधी टोकच आत शिरतं आणि मागून सगळं कापड सुलटं होत बाहेर येतं. झटका देऊ नका. अडलं तर दुसऱ्या हाताने बाहेरचं कापड मागे सारा, पुन्हा ओढा. टोक बाहेर दिसलं की दोऱ्याचं एकच टोक ओढा, दोरा सरकून निघून येईल. निघाला नाही तर तो टिपेत शिवला गेला आहे. कापडालगत कापून टाका, ओढत बसू नका.

कात्रीचं टोक आत घालून ढोसणं हा या पिशवीचा सर्वांत सामान्य अंत आहे. पातळ कापड, दोन मिलिमीटर माया आणि कात्री, यात कात्रीच जिंकते. विणकामाच्या जाड सुईचं बोथट टोक घ्या, आतून फिरवून शिवण फक्त बाहेर ढकला. बाहेरून सुईने धागे उपसून टोक काढण्याची युक्तीही सोडून द्या, पहिल्याच धुण्यात तिथे भोक दिसेल.

पुढचं सगळं सोपं आहे. शंकूच्या तोंडाचा घेर मोजा, साधारण बारा इंच भरेल. त्यात अर्धा इंच मिळवून तेवढ्या रुंदीचा, नऊ इंच उंचीचा हिरवा तुकडा कापा. नऊ इंचांच्या दोन कडा जोडून नळी करा, मात्र ही शिवण घालताना खालच्या काठापासून अर्धा इंच शिवा, पाऊण इंच उघडं सोडा, मग पुढे शेवटपर्यंत शिवा. उघड्या जागेच्या दोन्ही तोंडांना उलटी टीप इथे हवीच, नाडीचा सगळा ताण तिथेच येतो. शिवण उघडून इस्त्री करा आणि नळी सुलट बाजू बाहेर ठेवून अर्ध्यात दुमडा.

ही दुहेरी नळी सुलट्या गाजराच्या तोंडावर बाहेरून चढवा, कच्चे काठ एकत्र, शिवणीवर शिवण. नाडीचं तोंड असलेला थर केशरी कापडाला चिकटलेला पाहिजे, कारण हिरवं वर उलटलं की तोच थर बाहेर येतो. उलट झालं तर नाडी पिशवीच्या आत निघेल. पाव इंचावर गोल टीप मारा, काठाला झिगझॅग करा, हिरवं वर घ्या. जोडापासून पाव इंचावर एक आणि एक इंचावर दुसरी गोल टीप मारली की नेफा तयार. परकर-पायजम्याला नेफा घातलेल्या माणसाला यात नवीन काही नाही.

वरची कड पानांसारखी कातरत बसू नका. नाडी ओढली की दुमडलेल्या कडेच्या चुण्या आपोआप पाल्यासारख्या फुलतात, आणि कातरलेल्या कडेची सुतं निघत राहतात.

नाडी सुती हवी, बावीस इंच पुरे. साटीनची रिबीन फोटोत सुंदर दिसते आणि गाठ मारल्यावर घसरून सुटते, मग वाटेत गोळ्या सांडतात. सेफ्टी पिनेने ओवा, दोन्ही टोकं एकत्र गाठवा. पिशवी तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर नाडी आखूड ठेवा आणि आत जेलीबीनसारखा लहान, कडक खाऊ घालूच नका, तो घशात अडकतो.

भरताना आधी बारीक खाऊ टाका, म्हणजे टोक भरतं. मोठं प्लॅस्टिकचं अंडं आधी टाकलं तर ते मध्येच अडकतं आणि खालचा भाग चिपाडासारखा लोंबतो. चकाकत्या कागदातली चॉकलेटची अंडी मध्ये, मोठी अंडी सगळ्यात वर. वसई-वांद्र्याकडची मार्झिपानची (सुकामेवा आणि साखर वाटून केलेली) अंडी भरणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: आपल्याकडे मार्झिपान बहुतेक काजूचं करतात, आणि इथल्या कितीतरी शाळांत सुकामेवा चालत नाही. अशा पिशवीच्या नाडीला ‘काजू आहेत’ अशी चिठ्ठी बांधा, आणि वर्गात वाटायच्या पिशव्यांत ती अंडी घालू नका.